कळा सुरू होण्याआधी लिहिलेला कागद

आमची मुलगी पहिल्या बाळंतपणात ओरडली नाही. एवढ्यावरून पुढचे सगळे बिघडले.

शिरूरच्या घरी रात्री अडीचच्या सुमाराला तिने आम्हाला उठवले. "अम्मी, दर चार मिनिटांनी येतंय," एवढेच म्हणाली. चेहरा नेहमीसारखा, आवाज नेहमीसारखा. आम्ही तिला दवाखान्यात नेले. तो सरकारी होता की खासगी, त्याचे नाव काय, हे इथे लिहीत नाही, कारण हा लेख कुणाची तक्रार करायला लिहिलेला नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने तिच्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "हिला वेळ आहे अजून. खऱ्या कळा असत्या तर अशी गप्प बसली असती का?" शेजारच्या खाटेवरची बाई मोठमोठ्याने ओरडत होती, साहजिकच सगळे तिच्याकडे धावत होते. आमची मुलगी भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळवे कानांवर दाबून, पुढे-मागे डुलत होती. पाऊण तासाने तिला तपासले तेव्हा गर्भाशयाचे तोंड जवळजवळ पूर्ण उघडलेले होते.

मग धावपळ झाली. आमच्यापैकी जी आई आहे तिला दाराबाहेर काढले. आत काय झाले ते आम्हाला त्या वेळी फक्त आवाजावरून कळत होते. "खाली सरक," असे कुणीतरी ओरडले. टेबलाच्या कडेकडे सरक, असा त्याचा अर्थ. मुलीने तो जसाच्या तसा घेतला आणि ती टेबलावरून खाली उतरली. त्या अवस्थेत! "नाटकं करते का?" हे वाक्य आम्ही बंद दारातून ऐकले. हाताला सलाईनची चिकटपट्टी लावली ती तिने ओढून काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. शेवटी दोघींनी तिचे हात धरून ठेवले. अल्लाहच्या कृपेने बाळ सुखरूप झाले. मुलगी मात्र त्यानंतर अकरा दिवस एक शब्दही बोलली नाही.

आमची मुलगी ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द आम्हाला कधीच पटला नाही, कारण ती स्वतःत मग्न वगैरे अजिबात नसते. उलट बाहेरचे सगळे तिच्यात नको इतके शिरते. तिचे नाव आम्ही इथे लिहीत नाही, तशी तिचीच इच्छा आहे. लिहा मात्र, असेही तिनेच सांगितले. कारण आपल्या घरांमध्ये ऑटिझम म्हटले की चार-पाच वर्षांचा न बोलणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. तो मोठा होतो, अशा मुलीही असतात, त्यांची लग्ने होतात, त्यांना दिवस जातात, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आमच्याही आले नव्हते. लहानपणी ती मिक्सर सुरू झाला की गच्चीवर पळायची. नव्या कपड्याची मागची पट्टी कापल्याशिवाय कपडा घालायची नाही. ईदला बांगड्या भरल्या की रडून रडून हात लाल करायची. वरण आणि भात एकमेकांना लागले तर ताट बाजूला सारायची. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे. शाळेत हुशार, पाठांतर उत्तम, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. एकविसाव्या वर्षी पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितले तेव्हा आमच्या हाती तिच्या सगळ्या बालपणाची किल्लीच आली. थोडी लाजही वाटली. किती वेळा आपण तिला उगाच रागावलो!

ऑटिझम म्हणजे लोकांशी बोलण्या-वागण्यातला फरक, एवढेच पुष्कळांना माहीत असते. पण २०१३ साली जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात ज्ञानेंद्रियांचा फरकही लक्षणांमध्ये घेतला गेला. आवाज, उजेड, वास, स्पर्श, चव, वेदना यांपैकी काही गोष्टी अशा माणसाला फार तीव्र जाणवतात, काही फारच कमी. एकाच माणसात दोन्ही असू शकते. आमच्या मुलीला कापडाची शिवण टोचते, पण एकदा पायात काच घुसली ते तिला रक्त दिसल्यावर कळले. आता बाळंतपणाची खोली डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर प्रखर दिवा, फिनाइलचा वास, स्टीलच्या ट्रेचा खणखणाट, अनोळखी हात, थंड जेली, दंडाला आवळणारा बीपीचा पट्टा, तीन-चार माणसे एकदम बोलणारी, आणि आत स्वतःच्या शरीरातली ती प्रचंड कळ. बहुतेक बायकांना हे सहन होते, कारण मेंदू त्यातले अर्धेअधिक मागे ढकलतो. हिच्या मेंदूला ते मागे ढकलता येत नाही. मग एक तर ती हात झाडते, ओरडते, नाही तर पूर्ण बंद पडते. बंद पडलेल्या बाईला लोक शांत समजतात, आणि खरा धोका तिथे असतो.

पुढे दोन महिन्यांनी तिने आम्हाला मोबाइलवर लिहून पाठवले. समोरासमोर बोलण्यापेक्षा तिला लिहिणे सोपे जाते. तिने लिहिले होते: दुखत नव्हतं असं नाही, इतकं दुखत होतं की शब्द तोंडापर्यंत येत नव्हते. ट्यूबलाइटचा आवाज येत होता. प्रत्येक वेळी हात न सांगता यायचा. कोण हात लावतंय ते कळत नव्हतं.

आम्हाला वाटले होते की हे आपल्याच घरी घडले. तसे नाही. परदेशात अशा आयांशी बोलून अलीकडे जे अभ्यास झाले त्यांत हेच पुन्हा पुन्हा येते: चेहऱ्यावर वेदना दिसली नाही म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही, न सांगता केलेला स्पर्श कळांपेक्षा जास्त असह्य झाला, ऐन वेळी तोंडाने मागणे जमले नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० साली ३५५ ऑटिस्टिक आणि १३२ इतर आयांच्या अनुभवांची तुलना प्रसिद्ध केली. गरोदरपणातले आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य ऑटिस्टिक आयांमध्ये अधिक आढळले. लोक आपल्याला नाव ठेवतील ही भीतीही अधिक. पण बाळाच्या भल्याला सगळ्यांत वर ठेवण्यात त्या मागे नव्हत्या.

नाव ठेवण्याचा अनुभव आमच्या मुलीला चाळीस दिवसांतच आला. ती बोलत नव्हती, बाळाला पाजायची आणि पाजून झाले की लगेच खाली ठेवून भिंतीकडे वळायची. घरात माणसांचा राबता. शेगडीवर ओव्याची धुरी, तेलमालीश करणाऱ्या बाईचे हलके हलके हात (हलका स्पर्श तिला विंचवासारखा वाटतो, जोरात दाबलेले चालते), कुणी अत्तर लावून आलेले, कुणी बाळाचे गाल ओढणारे. एका नातेवाईक बाईंनी तिच्यावर बाहेरची सावली आहे असे ठरवून टाकले. दुसऱ्या म्हणाल्या, आईची माया नाही. आम्ही ताईत बांधण्यापर्यंत आलो होतो, खोटे कशाला बोलायचे? तिने तो दोरा गळ्याला टोचतो म्हणून तोडला तेव्हा आम्हाला एकदम बालपणातल्या त्या कपड्यांच्या पट्ट्या आठवल्या आणि आम्ही पुण्याच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पाहुणे बंद करा आणि खोलीत अंधार करा. आणि आठवड्याभरात फरक पडला नाही तर घेऊन या, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर औषध असते, ते अंगावर काढायचे नसते. फरक पडला. अकराव्या दिवशी तिने पाणी मागितले.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. तिचे सासर दौंडला. लग्नाआधीच आम्ही तिच्या सासरी सगळे सांगितले होते. लपवा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, पण ते आम्हाला दोघांनाही पटले नाही. तिच्या सासूबाई फार शिकलेल्या नाहीत. त्या पहिल्या बाळंतपणानंतर आम्हाला म्हणाल्या, "विहीणबाई, या खेपेला दुल्हन इथंच राहू द्या. शिरूरहून न्हावरा, चौफुला, पाटस करत एवढ्या गतिरोधकांवरून पोटुशी पोर आणायची कशाला? तिची खोली, तिची गादी, तिचा पंखा इथं आहे." पहिले माहेरी झाले होते, त्यामुळे रीत म्हणून कुणाला काही बोलायला जागा नव्हती. खरे कारण त्यांनी नंतर सांगितले: आमच्या शिरूरच्या घराखालून पुणे-नगर रस्त्याची वाहतूक रात्रभर चालते. दौंडला रेल्वे आहे, जंक्शन आहे, गाड्यांचे भोंगे दिवसरात्र. पण ते भोंगे दुल्हनला सहा वर्षांत ओळखीचे झालेत. ओळखीच्या आवाजाचा तिला त्रास होत नाही, नव्याचा होतो. हे आम्हाला जन्म देऊन कळले नव्हते, ते त्यांना कळले.

दौंडमध्ये नाव नोंदवले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, आशाताई त्या दिवशीच बोलावतात. योजना उत्तम, तज्ज्ञ डॉक्टर भेटतात, काही पैसे पडत नाहीत. पण आमच्या मुलीसाठी महिन्यातला सगळ्यांत वाईट दिवस तोच. दीडशे बायका, रेटारेटी, नावाचा पुकारा. जावयाने आशाताईंना समजावले, त्यांनी डॉक्टरबाईंना विचारले, आणि मुलीला दुपारी गर्दी ओसरल्यावर शेवटी पाहायचे ठरले. विचारायला आम्हाला कसली भीती वाटत होती कोण जाणे. दोन मिनिटांत काम झाले.

सातव्या महिन्यात तो कागद लिहिला. लिहिला मुलीनेच, आम्ही फक्त तिच्या मागे लागलो. पहिला मसुदा सहा पानांचा झाला. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "बाळा, रात्री तीन वाजता सहा पानं कोण वाचणार?" मग तो एका पानावर आला, मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत.

सगळ्यांत वर तिने लिहिले होते की मी ऑटिस्टिक आहे, माझा चेहरा शांत दिसला तरी कळा असू शकतात, म्हणून चेहऱ्यावरून ठरवू नका, तपासून ठरवा. वेदना किती ते मी बोटांनी दाखवीन, एक बोट म्हणजे थोडी, दहा म्हणजे असह्य. या एका ओळीसाठी बाकीचा सगळा कागद फाडून टाकला असता तरी चालले असते, असे आम्हाला वाटते.

त्याखाली स्पर्शाबद्दल होते. हात लावण्याआधी काय करणार ते सांगा, मग तीन आकडे मोजा, मग लावा. हलका हात नको, घट्ट हात ठेवा. मी हात वर केला तर क्षणभर थांबा. आतून तपासणी गरजेपुरतीच करा आणि शक्यतो एकाच व्यक्तीने. सलाईनची सुई लावायचीच असेल तर डाव्या हाताला, आणि चिकटपट्टीखाली कापसाची घडी ठेवा.

बोलण्याबद्दल तर तिने अगदी शिक्षकासारखे लिहिले होते. एका वेळी एकानेच बोला. छोटे वाक्य. प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मोजा, माझे उत्तर उशिरा येते. "घाबरू नको, काही होत नाही" असे म्हणू नका, कारण काहीतरी होत असते. "जोर लाव" म्हणजे कुठे, ते सांगा. यावर सिस्टरने नंतर स्वतःच मार्ग काढला. ती म्हणाली, "संडासला बसल्यावर जसा खाली जोर लावतेस तसा." दोन पिढ्यांच्या बाळंतपणांत आम्ही इतकी स्पष्ट सूचना ऐकली नव्हती.

उरलेल्या ओळी सामानाच्या. स्वतःचा जुना, शंभर वेळा धुतलेला सुती मॅक्सी, पट्टी कापलेला. डोळ्यांवर घ्यायला स्वतःचीच ओढणी, घरच्या साबणाच्या वासाची, म्हणजे उजेडही कमी आणि फिनाइलचा वासही. कानांत घालायचे फोमचे बोळे. अंगावर टाकायला जड गोधडी. बाळाचे ठोके ऐकायच्या यंत्राचा आवाज बारीक ठेवता येतो, हे आम्हाला डॉक्टरबाईंनीच सांगितले. खोलीतले सगळे दिवे लागतातच असे नाही, तपासणीपुरता एक लावून बाकीचे बंद ठेवता येतात. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, इमारत बांधावी लागत नाही.

डॉक्टरबाईंनी एक अट घातली आणि ती आम्हाला अतिशय योग्य वाटली. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या सगळ्या ओळी पाळते. पण बाळाचे ठोके कमी झाले किंवा रक्तस्राव जास्त झाला तर मला तीन आकडे मोजायला वेळ नसेल. तेव्हा मी एकच शब्द म्हणेन: तातडी. तो ऐकलास की समज, आता मी विचारणार नाही, करणार आहे. का केलं ते नंतर एका वाक्यात सांगेन." मुलीने ते कागदावर शेवटी लिहिले आणि खाली सही केली. सीझरची वेळ आली तर काय होईल तेही त्यांनी आधीच सांगून ठेवले: पाठीत सुई, मग कमरेखाली बधिरता, पाय आपले नाहीतच असे वाटणे, ओढल्यासारखे जाणवणे पण दुखणे नाही. अचानक आलेली बधिरता अशा बाईला वेदनेपेक्षा भयंकर वाटू शकते. माहीत असलेली तितकी वाटत नाही. पुण्याला, ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात पाठवायची वेळ आली तर १०८ च्या गाडीत कागदाची एक प्रत द्यायची, आणि प्रकृती स्थिर असेल व रस्ता मोकळा असेल तर सायरन बंद ठेवायची विनंती करायची, हेही ठरले.

आठव्या महिन्यात, दुपारच्या निवांत वेळी, तिला बाळंतपणाची खोली दाखवून आणली. टेबल, दिवा, पाळणा, मोरी. तिने टेबलावर झोपून पाहिले, छताचा फोटो काढला आणि रोज रात्री तो पाहायची. जावई हसायचा. आम्ही नाही हसलो.

आता सोबतीविषयी, कारण वाचक बहिणींना याचा उपयोग सगळ्यांत आधी होईल, घरात ऑटिझम असो वा नसो. "बाहेर थांबा" हे वाक्य आपण देवाची आज्ञा असल्यासारखे ऐकतो. वास्तविक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक सोबतीण राहू द्यावी असे ठरवून दिले आहे. घरातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये, अशा तिच्यासाठीच्या अटी. आडोशाची नीट सोय असेल तिथे पतीलाही मुभा आहे. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये 'लक्ष्य' हा प्रसूतिगृह सुधारण्याचा कार्यक्रम आला, त्यातही सोबतीण, पडदे आणि आदराची वागणूक यांवर भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारसही तीच. सतत सोबत असली तर बाळंतपण आपोआप होण्याची शक्यता वाढते, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सीझर कमी लागते, असे १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांच्या चाचण्या एकत्र पाहून २०१७ साली दिसून आले.

ऑटिस्टिक बाईला तर सोबतीण म्हणजे तिचे तोंड. ती गप्प झाली की कागद वाचून दाखवणारे कुणी हवे. आणि कायदाही पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. त्याच्या कलम २५ मध्ये आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, तिच्यात बाळंतपणाआधीची, बाळंतपणातली आणि नंतरची काळजी हे शब्द स्पष्ट आहेत. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढले असेल तर त्याची प्रत माता-बाल संरक्षण कार्डाला टाचून ठेवावी. नसेल काढले, निदानही झाले नसेल, तरी कागद लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. घरात एखादी सून किंवा लेक आवाजाने, स्पर्शाने, वासाने नेहमी हैराण होत असेल तर तिचाही असा कागद असू द्या. कायद्याचे कलम दाखवून भांडायची वेळ आमच्यावर आली नाही. आणि खरे सांगायचे तर रात्री तीन वाजता कलम दाखवून काही होतही नाही. जे व्हायचे ते आधीच्या दोन महिन्यांत, चहाच्या वेळी, हसतखेळत बोलून होते.

पहिल्या वेळच्या त्या सिस्टरवर आमचा राग होता. तो आता उरलेला नाही. त्या रात्री तिच्याकडे तीन बायका होत्या आणि ती एकटी. तिला कुणी सांगितलेच नव्हते, आम्हीसुद्धा. "आमची मुलगी जरा हळवी आहे," एवढेच आम्ही दारात म्हणालो होतो. ऑटिझम हा शब्द उच्चारला तर लोक काय म्हणतील, म्हणून तो आम्ही गिळला होता.

दुसऱ्या वेळी कळा पहाटे सुरू झाल्या. जानेवारीचा महिना, ऊसतोडीचे दिवस. दवाखान्याच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर, एकेका ट्रॅक्टरवर दोन-दोन कर्णे आणि त्यांवर फुल आवाजात गाणी. मुलीने कानांत बोळे घातले, डोक्यावर गोधडी ओढली आणि सासूबाईंचे मनगट घट्ट धरले. सोबतीण म्हणून आत जायला तिने आईला नव्हे, सासूबाईंना निवडले. आमच्यापैकी जी आई आहे तिला हे लागले, आजही थोडे लागते. पण कारण विचारल्यावर तिने लिहून दिले: अम्मी घाबरली की जास्त बोलते. बरोबर आहे ते.

आत सिस्टरने दिवे कमी केले. कागद भिंतीवर चिकटवला. मुलीने सहा बोटे दाखवली, मग आठ, मग दोन्ही पंजे उघडले, आणि सिस्टरने लगेच तपासले. एकदा डॉक्टरबाईंनी "तातडी" म्हटले. बाळाचे ठोके उतरले होते, तिला पटकन डाव्या कुशीवर वळवायचे होते. तिने ते मुकाट्याने करू दिले. ठोके पुन्हा चढले. नऊ वाजून काही मिनिटांनी मुलगी झाली. दोन टाके पडले, प्रत्येकाआधी तीन आकडे मोजून.

बाळाच्या कानात अजान द्यायची होती. आजोबा म्हणून तो मान व्याह्यांचा, आणि त्यांचा आवाज असा की मशिदीत माइक लागत नाही. त्यांनी आधी सुनेला निरोप पाठवला, "बेटा, आत येऊ की बाळाला बाहेर घेऊ?" तिने बाहेर म्हटले. त्यांनी व्हरांड्यात, बाळाच्या कानाशी ओठ नेऊन, आम्हाला शेजारी उभे असून ऐकू येणार नाही इतक्या हळू अजान दिली.

पाहुण्यांचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. बाळ पाहायला येणाऱ्यांना पडवीतच बसवायचे, बाळ तिथे आणून दाखवायचे, बाळंतिणीच्या खोलीला पडदा. अत्तर लावून आलेल्याला बाळ हातात मिळत नसे. मालिशवालीला त्यांनी तळहाताने दाबायला शिकवले, धुरीची शेगडी अंगणात ठेवली. गल्लीतल्या एका वयस्क बाईंना हे आवडले नाही. "दुल्हन एक शब्द बोलत नाही का आमच्याशी? एवढी काय मिजास?" असे त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "खाला, सूरह मरियम तर तुम्हाला पाठ आहे. हजरत मरियम अलैहिस्सलाम बाळंतपणाला कुठं गेल्या होत्या? माणसांपासून लांब. तिथं त्यांना काय मिळालं? झाडाचा आधार, पायाशी पाणी, ताजे खजूर. आणि कुणी भेटलं तर काय सांगायला सांगितलं होतं? की आज मी कुणाशी बोलणार नाही." त्या बाई काही वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "खजूर आणू का तिला?"

"आणा," सासूबाई म्हणाल्या, "पण बिया काढून. आणि कडक नको, तिला दाताखाली कडक चालत नाही."

या खेपेला मुलगी तिसऱ्या दिवशी बोलली. बाळाला पाजताना तिला अजून त्रास होतो, स्पर्श आणि ओढ दोन्ही एकदम आल्याने. ती कानांत बोळे घालून, भिंतीला पाठ घट्ट टेकवून पाजते, आणि मांडीवर गोधडी असते. काही वेळा दूध काढून वाटी-चमच्याने पाजते. डॉक्टरबाईंनी त्याला होकार दिला आहे. बाळाचे वजन उत्तम वाढते आहे.

हा मजकूर मासिकाला पाठवण्यापूर्वी तिला वाचायला दिला. तिने त्यातली दोन वाक्ये खोडली. एका वाक्यात आम्ही तिला बिचारी म्हटले होते. दुसरे कोणते ते सांगत नाही. आणि समासात एक सूचना लिहिली, ती तशीच उतरवतो: कागद एकाच बाजूला लिहा, मागची बाजू रात्री कुणी उलटून बघत नाही.